कोनिगचं काय करायचं?

अगं, काल रात्री घाबरलीस की काय? तो आरडाओरडा आमच्याच बेसमेंटमधला. तू नवीन आलीस, तुला सांगायचं राहूनच गेलं बघ. दर शनिवारी असतो तो. भांडण नाही गं, बेसबॉल. हो, बेसमेंटमध्येच. बॅट नाही, बॉल नाही, धावायचं तर नावच काढू नकोस, त्या सगळ्यांच्या गुडघ्यांची काय अवस्था आहे मला विचार. फासे टाकतात आणि बुटांच्या खोक्यात रचून ठेवलेल्या कार्डांवर वाचतात. एवढाच खेळ. पण त्यासाठी काल शेजारचे नाना आमच्याकडून न जेवता गेले. मी साबुदाणा भिजवला होता, वाटीभर दाण्याचं कूट केलं होतं, सगळं तसंच राहिलं.

ये ना इकडे, या दुधीच्या मांडवाच्या सावलीत उभी राहा. सांगते.

आम्ही एडिसनला आलो तेव्हा भारतातल्या मॅचचा स्कोअर कळायलाही आठवडा जायचा. टीव्हीवर बघावं तर बेसबॉल. आमचे हे, म्हणजे अण्णा, आणि नाना दोघंही दादरचे, शिवाजी पार्कवर वाढलेले, त्यांना करमेना. मग ऑफिसातल्या एका अमेरिकन माणसाने जेवणाच्या सुट्टीत हा खेळ शिकवला. स्ट्रॅट-ओ-मॅटिक त्याचं नाव. हॅल रिचमन नावाच्या माणसाने शाळकरी वयातच तो जुळवायला घेतला आणि 1961 पासून विकायला काढला. कंपनी इथेच, पलीकडे लाँग आयलंडवर, ग्लेन हेडला. नव्या मोसमाची कार्डं निघाली की भर थंडीत तिच्या दाराशी रांग लागायची. त्या रांगेत आमचे हे कानटोपी घालून उभे राहिलेत, आणि मी गाडीत हीटर लावून बसलेय.

खेळाची रीत सोपी आहे. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्याने खऱ्या मैदानावर जे केलं त्याचा हिशेब मांडलेलं. फलंदाजाच्या कार्डावर तीन रकाने, 1, 2, 3. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, कार्डावर 4, 5, 6. पांढरा फासा सांगतो कुठला रकाना, आणि दुसऱ्या दोन फाशांची बेरीज सांगते त्या रकान्यातली कुठली ओळ. पांढऱ्यावर 2 आणि बाकीच्यांची बेरीज 7 आली, तर फलंदाजाच्या दुसऱ्या रकान्यातली 7 ची ओळ. तिथे लिहिलं असेल होमरन, तर होमरन. कधी एकाच ओळीत दोन गोष्टी असतात, अमुक आकड्यापर्यंत होमरन, त्यापुढे नुसता झेल. मग वीस बाजूंचा एक फासा टाकायचा. तो टाकताना बेसमेंटमध्ये जी शांतता असते ना, तेवढी गणपतीच्या आरतीआधीही नसते आमच्याकडे.

7 सगळ्यात जास्त पडतो, 36 मध्ये 6 वेळा. 2 आणि 12 एकेकदाच. म्हणून नवं कार्ड हातात आलं की आधी 6, 7, 8 च्या ओळी वाचायच्या. हे मला कुणी शिकवलं नाही हं, वर्षानुवर्षं स्कोअरची वही माझ्याकडे आहे ना, त्यामुळे कळतं. ही मंडळी फासे टाकतात आणि ओरडतात. लिहायचं मी.

हां, तर काल काय झालं. नानांची टीम म्हणजे 1927 चे न्यूयॉर्क यांकीज. अण्णांची 1975 ची सिनसिनाटी. अशा जुन्या गाजलेल्या टीमही कार्डांवर मिळतात. त्यामुळे जे खेळाडू कधी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत ते आमच्या कॅरमच्या टेबलावर भेटतात. 1927 ची ती टीम म्हणजे काय होती, तर 154 सामन्यांचा मोसम आणि 110 विजय. बेब रूथ एकट्याने 60 होमरन मारून बसला. त्याच्या लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या टीमला तेवढे जमले नव्हते. त्याच्यामागून लू गेरिग, त्याचे 47. आता अशी टीम हातात असल्यावर माणसाने सुखाने फासे टाकावेत की नाही? पण नाही. नानांना गेलं वर्षभर एकच घोर, कोनिगचं काय करायचं.

कोनिग कोण? मार्क कोनिग. त्या टीमचा शॉर्टस्टॉप, बॅटिंग ऑर्डरमध्ये दुसरा. पहिला अर्ल कोम्ब्स, दुसरा कोनिग, तिसरा रूथ, चौथा गेरिग, पाचवा बॉब म्युझेल, सहावा टोनी लाझेरी, सातवा जो ड्यूगन, मग कॅचर आणि शेवटी पिचर. मिलर हगिन्स हा त्यांचा मॅनेजर, ही त्याची मांडणी. मला झोपेत विचार, म्हणून दाखवीन.

आता क्रिकेटमध्ये कसं, सलामीच्या जोडीने नवा चेंडू खेळून काढायचा, तिसऱ्या-चौथ्याने डाव बांधायचा, शेपटाने वळवळायचं. आणि मधे गरज पडली तर ऑर्डर बदलता येते. 2011 च्या फायनलला वानखेडेवर धोनी नव्हता का युवराजच्या आधी उतरला? त्या रात्री आमच्याकडे कुणी जागचं हललं नाही. बेसबॉलमध्ये ती सोय नाही. सामन्याआधी नऊ नावांची चिठ्ठी अंपायरच्या हातात दिली की त्या क्रमाला कुणी हात लावायचा नाही. एखाद्याला काढून दुसरा घालता येतो, पण तो काढलेल्याच्याच जागी खेळतो, आणि काढलेला त्या सामन्यात परत येत नाही. नव्या चेंडूचाही प्रश्न नाही, तिथे चेंडू सतत बदलतच असतात. आणि मुख्य म्हणजे ऑर्डर गोल फिरते. पहिल्या इनिंगमध्ये तीन आउट होताना पाचव्यापर्यंत पोचलात, तर दुसऱ्या इनिंगला सहावा येणार. म्हणजे पहिला हा पहिला फक्त एकदाच. पुढे कोण कुणानंतर येतो एवढंच उरतं.

आणि कोण किती वेळा येतो, ते. हे माझ्या नातवाने समजावलं. तो रटगर्सला शिकतो, तू पाहिला असशील, केस वाढवलेला. तो म्हणाला, आजी, सामना संपतो तेव्हा शेवटचा फलंदाज नवांपैकी कुणीही असू शकतो. म्हणून ऑर्डरमध्ये एक पायरी खाली गेलं की दर नऊ सामन्यांमागे साधारण एक पाळी कमी मिळते. आता मोसम 162 सामन्यांचा, म्हणजे 18 पाळ्या. पहिल्या नि नवव्यात आठ पायऱ्या, करा गुणाकार. म्हटलं, अरे एवढं सरळ आहे, तर चांगले पुढे आणि वाईट मागे, भांडण कशाला?

पण नाना ते ऐकतात थोडेच. त्यांचं म्हणणं, कोनिग दुसराच. तिथून भडका उडाला. कारण नातू कार्ड घेऊन बसला आणि आकडे वाचायला लागला. शंभरदा बॅटिंगला आला तर कोनिग साधारण 32 वेळा बेसवर पोचतो. कोम्ब्स 41 वेळा. गेरिग 47 वेळा, रूथ जवळजवळ 49. म्हणजे कोम्ब्स जाऊन बेसवर उभा राहतो, मग कोनिग येऊन बहुतेक वेळा आउट होतो, आणि मग रूथ. रूथच्या आधी आउट वाया घालवायचा आणि वर त्या माणसाला रूथपेक्षा जास्त पाळ्या द्यायच्या, याला काय अर्थ आहे, असं नातवाचं म्हणणं. मला तर पटलं बाई.

जुनी रीत मात्र तशीच होती. पहिला पळणारा, दुसरा हलक्या हाताचा, जो पहिल्याला पुढच्या बेसवर सरकवेल, तिसरा सगळ्यांत गुणी, चौथा सगळ्यांत दणकट, आणि मग उतरती भाजणी. लग्नाच्या पंगतीत कोण कुठल्या पाटावर बसणार हे ठरलेलं असतं ना, मामांचं पान कुठे, व्याह्यांचं कुठे, तसंच हे. जेवण सगळ्यांना तेच वाढायचंय, पण पान चुकलं की रुसवा आयुष्यभराचा. कोनिगचा पाट दुसरा. तो तिथे का, हे शंभर वर्षांत कुणी विचारलं नाही.

आता विचारतात. 2006 साली टॉम टँगो आणि आणखी दोघांनी मिळून एक पुस्तक काढलं, ‘द बुक’ नावाचंच. नातवाने नानांना वाढदिवसाला दिलं, तेव्हापासून नाना त्याच्याशी जरा जपूनच बोलतात. त्यात म्हटलंय, टीममधले सगळ्यांत चांगले तीन फलंदाज पहिला, दुसरा आणि चौथा यायला हवेत. तिसरा नाही! कारण पहिल्याच इनिंगमध्ये बघ, पुष्कळदा पहिले दोघे आउट होतात आणि तिसरा येतो तेव्हा बेस रिकामे, दोन आउट. एवढा गुणी माणूस तिथे करणार काय? नुसता बॅट हलवून येणार. म्हणून तिसऱ्यावर चौथा-पाचवा बरा फलंदाज चालतो. हल्ली खऱ्या मैदानावरही तेच दिसतं. आपल्या यांकीजचा अ‍ॅरन जज, सहा फूट सात इंचांचा धिप्पाड गडी, कितीदा दुसरा येतो. फिलाडेल्फियाचा श्वार्बर 2023 साली कितीतरी सामन्यांत पहिला आला, सरासरी .197 आणि होमरन 47. पळायला म्हणशील तर आमचे अण्णा बरे. आणि लॉस एंजेलिसच्या ओहतानीला 2024 मध्ये मूकी बेट्सचा हात मोडल्यावर पहिला पाठवला, तर त्याने त्या मोसमात 54 होमरन मारून 59 बेस चोरले. पहिला म्हणजे हडकुळा पळपुट्या, ते दिवस गेले.

नाना म्हणाले, गेले असतील तुमचे. माझी टीम 1927 ची आहे.

त्यांचंही अगदीच चुकतं असं नाही हं. तुला माहितेय, 1929 साली यांकीजनी खेळाडूंच्या पाठीवर नंबर घातले ते कशावरून? बॅटिंग ऑर्डरवरून! कोम्ब्सला 1, कोनिगला 2, रूथला 3, गेरिगला 4, म्युझेलला 5, लाझेरीला 6. रूथचा 3 आणि गेरिगचा 4, इथली पोरं अजून ते शर्ट घालून फिरतात. ते आकडे म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, कोण कितवा खेळायला यायचा ते. नाना म्हणतात, त्याच्या पाठीवर 2 लिहिलंय आणि मी त्याला आठवा पाठवू? मला तोंड दाखवायला जागा राहील का? म्हटलं नाना, तोंड कुणाला दाखवायचंय? कार्ड आहे ते.

आणि कोनिगबद्दल त्यांना माया आहे. तो 1993 पर्यंत जगला, त्या टीममधला सगळ्यांत शेवटी गेलेला. नाना इथे आले तेव्हा तो हयात होता, एवढ्यावर त्यांचं नातं. त्याची एक गंमत सांगते. 1932 साली कोनिग शिकागो कब्जमध्ये गेला, मोसम अर्धाअधिक सरल्यावर, पण खेळला झकास. ती टीम वर्ल्ड सीरिजला पोचली आणि बक्षिसाच्या पैशाचे वाटे करायची वेळ आली, तर त्याच्या टीमवाल्यांनी त्याला अर्धाच वाटा दिला. समोर कोण? यांकीज. म्हणजे याचे जुने दोस्त. रूथने मग त्या कब्जवाल्यांना मैदानावर चिक्कू, कवडीचुंबक म्हणून असं डिवचलं की बोलायची सोय नाही. त्याच सीरिजमध्ये रूथने बोट दाखवून होमरन मारला म्हणतात. बोट कुणाकडे दाखवलं यावर लोक अजून भांडतात. पण मूळ कुठे, तर कोनिगच्या अर्ध्या वाट्यात.

रूथ आणि गेरिगचं तर त्याहून भारी. तिसरा आणि चौथा, एकामागून एक यायचे, आणि शेवटची वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कशावरून? गेरिगच्या आईने रूथच्या घरातल्या मुलींच्या कपड्यांवरून काहीतरी म्हटलं, एकीला नटवतात आणि दुसरीला कसलेही घालतात, अशा अर्थाचं. ते रूथच्या कानावर गेलं. झालं! 1939 साली गेरिग आजारी पडून निवृत्त झाला, त्याच्या निरोपाच्या दिवशी भर मैदानात रूथने त्याला मिठी मारली, तेव्हा कुठे अबोला सुटला. बघ, जगातली सगळ्यांत भारी बॅटिंग ऑर्डर, आणि आत काय, तर फ्रॉकवरून भांडण.

पण कार्डांना यातलं काही कळत नाही ना, नातू तेच म्हणतो. कार्ड रुसत नाही. कार्डाला मान नको असतो. खऱ्या मॅनेजरला चिंता असते, याला खाली ढकलला तर याचं मन खट्टू होईल, उद्या पेपरात येईल. फाशांच्या खेळात कोनिगला आठवा टाका, तो तसाच खेळणार, 32 ला 32. म्हणजे मोकळीक आहे तर घ्या ना. नातवाने कॉम्प्युटरवर नऊ जणांच्या सगळ्या मांडण्या खेळवून बघायचं ठरवलं. नऊ जण किती प्रकारे लावता येतात, माहितेय? 3,62,880. अण्णा म्हणाले, आपल्याला तेवढे शनिवार नाहीत.

आणि इतकं करून फरक किती? हे ऐकून तू हसशील. चांगली मांडणी आणि नेहमीची मांडणी यांच्यात अख्ख्या मोसमाला पाच-पंधरा धावा. दहा धावांना साधारण एक सामना, असा आकडेवाल्या लोकांचा ठोकताळा. म्हणजे वर्षाकाठी एक सामना! त्या एका सामन्यासाठी माझा साबुदाणा वाया.

मग काल अघटित घडलं. नाना आले ते चक्क नवी ऑर्डर लिहून. त्यांच्या बायकोने, माईंनी, नंतर फोनवर सांगितलं, रात्री बारापर्यंत डायनिंग टेबलावर चिठ्ठ्या मांडून बसले होते. कोम्ब्स पहिला, रूथ दुसरा, म्युझेल तिसरा, गेरिग चौथा, आणि कोनिग आठवा. मी वहीत उतरवून घेतलं तेव्हा त्यांनी कोनिगचं नाव सांगताना मान दुसरीकडे फिरवली. म्युझेल तिसरा का, त्यालाही कारण होतं. कोम्ब्स, रूथ, गेरिग तिघेही डावरे. अण्णांकडे मॅकएनानी नावाचा डावखुरा रिलीव्हर, म्हणजे बदली पिचर, आहे, तो डावऱ्यांना जड जातो. पुढच्या पातळीच्या खेळात कार्डावर डावऱ्या आणि उजव्या पिचरसाठी वेगळे रकाने असतात, आणि अण्णा सातव्या-आठव्या इनिंगमध्ये रूथ-गेरिग लागोपाठ आले की त्याला मैदानात उतरवतात. मधे उजवा म्युझेल घातला की अण्णांचा डाव विस्कटतो. अण्णांनी चिठ्ठी बघितली आणि चहा खाली ठेवला. मी ओळखलं, बिनसलं.

पहिली इनिंग. कोम्ब्स झेलबाद. रूथ आला, पिचरच्या कार्डावर वॉक, म्हणजे न मारताच गेला पहिल्या बेसवर. आता कोण? म्युझेल. पण नाना कित्येक वर्षं रूथनंतर गेरिगचं कार्ड उचलतायत गं. हात आपोआप गेला. फासे टाकले. पांढऱ्यावर 1, बेरीज 6, मग वीसवाला फासा, आणि होमरन! नाना उठून उभे, दोन धावा, टाळी द्यायला हात पुढे. अण्णा बसूनच. अगदी गोड आवाजात मला म्हणाले, “वहीत तिसरा कोण आहे गं?”

मी काय करणार, वहीत म्युझेल.

नियम असा आहे, चुकीचा फलंदाज येऊन खेळून गेला आणि पुढचा चेंडू पडायच्या आत समोरच्यांनी तक्रार केली, तर ज्याची पाळी होती तो आउट. चुकीच्या माणसाने जे मारलं ते रद्द. आमच्याकडे नियम मैदानावरचेच. म्हणजे म्युझेल हातात बॅटही न घेता आउट, होमरन गेला, रूथ परत पहिल्या बेसवर. आणि पुढचा कोण? म्युझेलनंतरचा. म्हणजे गेरिगच! बिचारा होमरन मारून आला आणि लगेच परत उभा. नानांनी फासे असे आपटले की एक वॉशिंग मशीनखाली गेला. तो शोधून परत टाकले. उंच उडाला, झेल, तीन आउट. एकाच इनिंगमध्ये गेरिग दोनदा आला आणि फळ्यावर शून्य.

तो आरडाओरडा तू ऐकलास तो.

नाना म्हणाले, अण्णा, तू फासे पडायच्या आधी बोलायला हवं होतंस. अण्णा म्हणाले, आधी बोलायचं नसतं, तोच तर नियम आहे, आउट झाला असता तर मी गप्पच बसलो असतो. हे खरंय, तक्रार करायची की नाही हे बघूनच ठरवतात. पण पन्नास वर्षांच्या दोस्ताशी? मला नाही आवडलं. मी तसं तोंडावर म्हटलंही. आणि नातू कोपऱ्यातून म्हणतोय, नाना, ऑर्डर बरोबरच होती, फक्त तुमचा हात जुना आहे. त्याला मी डोळ्यांनी दटावलं.

रात्री माईंचा फोन आला. म्हणाल्या, हे घरी येऊन दुधाचा कप घेऊन बसलेत, तोंडातून शब्द नाही. मग मी आणि त्यांनी एक युक्ती काढली. ती आमची नाही, बिली मार्टिन नावाच्या एका मॅनेजरची. 1972 च्या ऑगस्टमध्ये त्याची डेट्रॉइटची टीम हरत चालली होती, तर त्याने चिठ्ठ्या टोपीत टाकून ऑर्डर काढली. नॉर्म कॅश, पहिल्या बेसवरचा दणकट गडी, तो पहिला आला. आणि ब्रिंकमन, ज्याच्या बॅटिंगची कुणी बात करू नये, तो चौथा. आणि जिंकले की 3-2 ने! तसंच आज सकाळी नाना देवळात गेले होते तेवढ्यात माई इकडे आल्या, खोका घेऊन. नानांच्या कानटोपीत आम्ही नऊ चिठ्ठ्या टाकल्या. ड्यूगन पहिला. कोनिग चौथा, ऐकतेस ना, चौथा! आणि रूथ आठवा, अगदी पिचरच्या आधी. पिचर विल्सी मूर. तो म्हणजे बॅटिंगच्या नावाने आनंद. त्याला मोसमभरात तीन हिट मिळणार नाहीत अशी रूथनेच त्याच्याशी पैज लावली होती, आणि ती रूथ हरला. त्या पैशांतून मूरने गावी दोन खेचरं घेतली आणि एकाचं नाव बेब ठेवलं, दुसऱ्याचं रूथ, असं सांगतात.

खेळलो आम्ही दोघी. माई यांकीज, मी अण्णांची सिनसिनाटी, रोझ, ग्रिफी, मॉर्गन, बेंच, अगदी ठरल्या क्रमाने. चहा आणि चिवडा घेऊन बसलो, कुणाचा आवाज नाही, आणि तास-सव्वा तासात उरकलं. माई जिंकल्या. त्यातही कोनिगने दोन हिट मारले. नातू म्हणाला, एका सामन्याने काही सिद्ध होत नाही, हजारो खेळवायला लागतात. त्याला म्हटलं, चिवडा खा. आणि अण्णांना कळलं तेव्हा ते म्हणाले, हा सामना लीगमध्ये धरायचा नाही. नानांनाही माईंनी सांगितलं तर तेही तेच. दोघांचं कालपासून पहिल्यांदा एकमत झालं. मी वहीत पेन्सिलीने लिहून ठेवलंय मात्र.

शेवटी नानांनी फोन केला म्हणे अण्णांना. पुढच्या शनिवारी कोनिग परत दुसरा. जुनं ते जुनं. म्हणजे म्युझेल परत पाचवा, रूथ आणि गेरिग लागोपाठ डावरे, आणि मॅकएनानी अण्णांच्या खिशात.

आता जरा त्या बाजूला बघ, नानांच्या अंगणात. गवत कापतंय ना कुणीतरी, टोपी घालून? आमचे अण्णा आहेत ते. सकाळपासून नानांचं लॉन कापतायत, कडेच्या गुलाबांना पाणीही घालून झालंय. आणि आमचं बघ केवढं वाढलंय, गुडघाभर. मी म्हटलं तर म्हणाले, आपलं राहू दे, आधी नानांचं मन नको बदलायला.